घाटातली क्रेन आणि आपली घाई

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. नातीला घेऊन शिवनेरीने पुण्याहून मुंबईला निघालो होतो. खंडाळा मागे पडले, उतार सुरू झाला आणि गाडी थांबली. पाच मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास. मग अशा वेळी जे होते तेच सुरू झाले. कोणी घरी फोन करून 'तुम्ही जेवून घ्या' म्हणून सांगितले, कोणाचे विमान चुकणार होते, मागच्या बाकावरच्या बाळाचे दूध संपले होते. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "एक ट्रक बाजूला करायला एवढा वेळ?"

मी खाली उतरलो आणि कडेकडेने पुढे चालत गेलो. (द्रुतगती मार्गावर असे उतरू नये, हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे, पण जित्याची खोड.) एका वळणापुढे साखरेच्या पोत्यांनी भरलेला ट्रक डाव्या कुशीवर पडला होता. चढाच्या बाजूला विंचची गाडी उभी होती. तिचा तारेचा दोर निघून एका कप्पीवरून वळला होता आणि तिथून ट्रककडे गेला होता. दोराला कोपरासारखा बाक आला होता, आणि त्या बाकाच्या बरोबर आत अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा दोरावर हात ठेवून, तो किती ताणला गेला आहे ते चाचपत उभा होता. दहा-बारा प्रवासी हातभर अंतरावरून मोबाइलवर चित्रण करीत होते.

मी ओरडलो. विंच चालवणाऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा, लागेल तुम्हाला." तो मुलगा हसला आणि दोन पावले सरकला. पुढे ट्रक उभा राहिला, तासाभरात रस्ता मोकळा झाला, आमच्या गाडीत टाळ्या वाजल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. लष्करात ईएमई नावाचे एक दल आहे. तोफा, रणगाडे, ट्रक यांची दुरुस्ती हे त्यांचे काम. या दलात 'रिकव्हरी मेकॅनिक' हा स्वतंत्र हुद्दा आहे. चिखलात रुतलेले, दरीत गेलेले, उलटलेले वाहन बाहेर काढणे एवढेच त्याने करायचे. सिकंदराबादच्या ईएमई सेंटरमध्ये मी भरती झालो आणि नोकरीतली बहुतेक वर्षे हेच केले. पुढे निवृत्त झाल्यावर खोपोलीकडच्या एका कंत्राटदाराकडे रिकव्हरीच्या गाडीवर राहिलो. म्हणजे क्रेन आणि विंच या दोन यंत्रांवर माझा संसार झाला, असे म्हटले तरी चालेल.

आमचे उस्ताद पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेत: "पहले देखो, फिर गिनो, फिर बांधो." पाहणे आणि बांधणे कोणालाही जमते. मधले मोजणे राहते. आज घाटात जे होते त्यात नेमके तेच राहते.

मोजायचे म्हणजे काय? एक घरगुती उदाहरण घेऊ. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई मैलभर चालते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा; मिनिटभरही धरवणार नाही. कळशी तीच, पाणी तेवढेच, फक्त ती अंगापासून लांब गेली. क्रेनचे अगदी असेच आहे. '१५ टनी क्रेन' म्हणजे १५ टन उचलणारी क्रेन असे लोक समजतात. तो आकडा बूम आखडलेली असताना, ओझे यंत्राच्या अगदी जवळ असतानाचा. बूम लांबवत नेली की तीच क्रेन काही थोड्या टनांची होते. म्हणून प्रत्येक क्रेनवर एक तक्ता लावलेला असतो: इतक्या अंतरावर इतके वजन. मी अशा क्रेनवर चढलो आहे जिच्या तक्त्यावर गणपतीचे स्टिकर चिकटवले होते. भक्ती समजू शकतो, पण जागा चुकली.

त्यातून आपल्याकडे अपघाताच्या जागी बहुधा येते ती 'हायड्रा'. मूळचे ते एका क्रेनचे नाव, आता सगळ्या जातीचे झाले आहे. बांधकामावर लोखंड उचलून इकडून तिकडे न्यायला हे यंत्र छान. ओझे पुढे लटकवून ते चालू लागते, हाच त्याचा गुण. पण मोठ्या क्रेनला बाजूंना पसरायचे पाय असतात, ज्यांना आम्ही जॅक म्हणतो, ते हायड्राला काम करताना नसतात. ती आपल्या चाकांवरच उभी असते. सपाट, कडक जमिनीवर, समोरचे ओझे सरळ वर उचलण्यासाठी ती बनलेली आहे. घाटातल्या उतारावर, ओल्या रस्त्यावर, ओझे तिरपे ओढायला नाही. तिरपे ओढले की बूमवर बाजूने ताण येतो, आणि बूम बाजूच्या ताणासाठी घडवलेलीच नसते. मग दोन हायड्रा मिळून एक टँकर उचलतात. निम्मे तू, निम्मे मी, असा हिशेब. पण ओझे जरासे कलले की तो हिशेब मोडतो. एकीवर दोन तृतीयांश आणि दुसरीवर एक तृतीयांश वजन येते, आणि दोन्ही चालकांना ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

विंचचे गणित वेगळे. चांगल्या रस्त्यावर चाके फिरणारी गाडी ओढायला तिच्या वजनाचा लहानसा भागच जोर लागतो. तीच गाडी चाके बुडेपर्यंत चिखलात गेली की जवळजवळ तिच्या वजनाइतका जोर लागतो. चिखल मडगार्डपर्यंत आला की दुप्पट, केबिनपर्यंत आला की तिप्पट. लष्करी रिकव्हरीचे हे जुने ठोकताळे आहेत. म्हणजे २५ टनांचा ट्रक पावसाळ्यात बाजूच्या मातीत खोल गेला तर ५० टनांचा जोर लागू शकतो. शिवाय विंचवर लिहिलेला जोर दोराचा पहिला थर पिंपावर असतानाचा असतो; थरावर थर चढत गेले की तो कमी होतो. जोर वाढवायला कप्प्या लावतात. पण कप्पी फुकट काही देत नाही. दोर काटकोनात वळवला की कप्पीच्या बांधणीवर दोराच्या ताणाच्या जवळजवळ दीडपट ओझे येते, उलटा वळवला की दुप्पट. म्हणून कप्पी कशाला बांधली हा प्रश्न, दोर किती जाड आहे या प्रश्नाइतकाच मोठा. कठड्याच्या पत्र्याला बांधलेली कप्पी मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि आता त्या मुलाकडे येऊ. लहानपणी गलोल सगळ्यांनीच केली असेल. रबर मागे ताणले की खडा कुठे असतो? रबराला जिथे बाक येतो, तिथे. कप्पी निसटली, शॅकल उघडली किंवा बांधणी तुटली की ताणलेला दोर सरळ व्हायला धावतो, आणि त्याच्या वाटेत बाकाच्या आत जे असेल ते घेऊन जातो. साखरेच्या ट्रकपाशी तो मुलगा गलोलीतल्या खड्याच्या जागी उभा होता. कप्पी धरली म्हणून तो वाचला; त्याने किंवा आणखी कोणी काळजी घेतली म्हणून नव्हे.

हे मी इतक्या खात्रीने का सांगतो, तेही सांगून टाकतो. २००९ साली, आषाढातल्या एका पहाटे, घाटात कांद्याचा ट्रक उलटला होता. विंचवर मी होतो. उलटलेली गाडी उभी करण्यात एक गंमत असते. गंमतच म्हणतो, पण ती जीवघेणी आहे. घरात आडवे झालेले लोखंडी कपाट उभे करून पाहा. सुरुवातीला सगळा जोर लागतो. मग ते जसजसे वर येते तसतसे हलके होत जाते. एक क्षण असा येतो की त्याचे वजनच नाहीसे होते, आणि पुढच्या क्षणी ते स्वतःहून पलीकडे जाते. म्हणून पलीकडे एकाने धरायला उभे राहावे लागते. ट्रकचे तसेच. तो हलका वाटू लागला की समजायचे, आता धोका. त्या क्षणासाठी उलट्या बाजूने दुसरा दोर लावायचा असतो, दुसऱ्या विंचचा, जो हळूहळू सोडत ट्रकला चाकांवर टेकवतो. पहिला दोर ओढणारा, दुसरा रोखणारा. हे ईएमईतला नवा रंगरूटही जाणतो.

दुसरी गाडी यायला पाऊण तास होता. मागे भोंग्यांचा गजर चालू होता. मालकाचा दर पाच मिनिटांनी फोन: "झाले का?" बंदोबस्तावरचा हवालदार भिजून चिंब झाला होता, तोही म्हणाला, "घ्या ना उरकून." आणि मी, वीस वर्षे हेच शिकलेला माणूस, म्हणालो, "घेतो उरकून."

ट्रक उठला, हलका झाला आणि पलीकडे कोसळला. दोर आधी सैल पडला, मग हिसका बसला. ओल्या रस्त्यावर माझ्या गाडीचा एक जॅक सरकला, शॅकल निघाली, आणि दोर आमच्या हेल्परच्या पायावर आला. तो एकोणीस वर्षांचा होता. त्याला मी जिथे उभा राहा म्हणालो होतो तिथेच तो उभा होता. डावा पाय गुडघ्याखाली गेला. रस्ता वेळेवर मोकळा झाला, आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांतून त्या सकाळी कोणाला काही कळलेही नसेल. चौकशी झाली, पण माझ्या दोषावर कोणी बोट ठेवले नाही, कारण तो काय होता हे जाणणारे तिथे कोणी नव्हते. माझ्या मते आजही मुद्दा हाच आहे.

यंत्रे वाढली आहेत. घाटात कॅमेरे आले, गाड्यांवर दिवे आले, मोठ्या क्रेनही आल्या. वाहनेही जड झाली. २०१८ मध्ये केंद्राने मोठ्या ट्रेलरची कमाल वजनमर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर नेली. पण हुकाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे, तो काय शिकला आहे, याची विचारपूस करणारा नियम मला अजून सापडलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाने रस्त्यात अडथळा झालेले वाहन हटवण्याचा अधिकार पोलिसांना दिला आहे आणि हटवण्याचा खर्च मालकाच्या माथी घातला आहे. खर्च कोणी द्यायचा ते कळले. काम कोणी करायचे ते नाही. कारखान्यातली गोष्ट निराळी. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे तिथली प्रत्येक क्रेन, साखळी आणि दोर वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावा लागे. बांधकामासाठी १९९६ चा कायदा होता. आता हे कायदे २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत मिळाले आहेत. पण हे सारे कारखान्याच्या फाटकाआत किंवा बांधकामाच्या जागेवर. तीच क्रेन फाटकाबाहेर पडून घाटात आली की ती नुसती रस्त्यावरची एक गाडी होते.

कायदा झाला की सगळे ठीक होते, असे मी म्हणत नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात गर्डर उचलणारे यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. तिथे कायदा लागू होता. तरीही, कायदा असला की निदान विचारता तरी येते: तपासणी कधी झाली, कोणी केली, कागद दाखवा. घाटात विचारायलाच काही नाही.

याच्या उलट रेल्वे पाहा. कल्याणसारख्या जंक्शनजवळ ज्यांचे बालपण गेले त्यांना अपघात मदतगाडीचा भोंगा आठवत असेल. रात्री-अपरात्री तो वाजला की रेल्वे कॉलनीतली ठरलेली माणसे ताटावरून उठून धावत. त्या गाडीबरोबर १४० टनी क्रेन असते, आणि क्रेनची माणसे ठरलेली असतात. ती हेच काम करतात, त्याचा सराव करतात, आणि जागेवरचा अधिकारी 'उचला' म्हणेपर्यंत हूक हलत नाही. रेल्वेचे सगळे चांगले आहे असे नाही; पण डबा रुळावर ठेवणे ही एक विद्या आहे, हे तिने मान्य केले. रस्त्याने ते अजून केलेले नाही. आपल्याकडे ट्रक उभा करणे म्हणजे जोर लावणे.

घातक माल असला की या अडाणीपणाची किंमत किती मोठी होऊ शकते, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले आणि चौघांचा मृत्यू झाला. त्यांत खालून जाणारेही होते, ज्यांचा वरच्या रस्त्याशी काही संबंध नव्हता. तिथे क्रेन येण्यापूर्वीच सारे झाले. पण असा टँकर न पेटता नुसता आडवा पडला असेल, तर त्याला पहिला दोर बांधणारा माणूस कोण असावा? ३ जानेवारी २०२५ रोजी कोइमतूरला उड्डाणपुलावर गॅसचा टँकर गाडीपासून सुटून आडवा झाला. तेव्हा आसपासच्या शाळांना सुटी दिली, टाकीवर पाण्याचा मारा चालू ठेवला, गॅस कंपनीचे जाणकार बोलावले आणि मग क्रेन लावली. शहराचा दिवस मोडला, पण माणसे घरी गेली. लोकांनी तिथेही कुरकुर केलीच असणार. केली असेल तर करू दे.

घाईला माझा सरसकट विरोध नाही. घाटात हजारो गाड्या अडकणे हाही धोकाच आहे. त्यांत रुग्ण असतात, मागून येणारी ब्रेक निकामी झालेली गाडी असते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने याचे एक व्यवहारी उत्तर काढले. मोठ्या अपघातातले वाहन काम सुरू केल्यापासून ९० मिनिटांत हटवणाऱ्या कंत्राटदाराला तिथे बक्षीस मिळते. मात्र ही योजना सगळ्यांना खुली नाही. ठरलेल्या क्षमतेची यंत्रे आणि त्यांवर शिकलेली माणसे असतील त्यालाच यादीत घेतात. म्हणजे घाईचे पैसे द्यायचे, पण ती करण्याची लायकी आधी तपासायची. माझ्या पाहण्यात आलेल्या कंत्राटांत क्रेन किती टनी हे विचारले होते, ती किती मिनिटांत पोचली पाहिजे हे विचारले होते, उशीर झाला तर दंड किती हेही होते. चालकाने काय शिकलेले असावे, याला एक ओळही नव्हती. मग मालक साहजिकच आठ-दहा हजारांत मिळेल तो पोरगा घेतो. तो पोरगा दोन पावसाळे टिकला की त्याला 'उस्ताद' म्हणतात.

शिकवायला फार मोठी सामग्री लागत नाही. लष्करातून दर वर्षी रिकव्हरीची माणसे निवृत्त होतात. त्यांतली कितीतरी सातारा, सांगली, कोल्हापूरची असतात आणि गावी येऊन रखवालदाराची नोकरी शोधतात. खोपोली किंवा लोणावळ्याच्या एखाद्या आयटीआयमध्ये जुना ट्रक, दोन विंच आणि थोडी पडीक जमीन दिली तर तीन महिन्यांत पुष्कळ शिकवता येईल. मी स्वतः एक अर्ज केला होता. त्याला नम्र उत्तर आले. असो.

त्याहून सोपी एक गोष्ट आजच करता येईल. अपघाताच्या जागी एकाच माणसाचा शब्द चालावा, आणि तो यंत्रावरच्या माणसाचा असावा. तो 'थांबा' म्हणाला की पोलिसाने, मालकाने आणि रांगेतल्या मोठ्या गाडीतल्या साहेबानेही थांबावे. दोर ताणलेला असताना दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही उभे राहू नये, चित्रण करणाराही नाही. दुसरा दोर आल्याशिवाय पहिला ओढू नये. मला २००९ मध्ये कोणी हे अधिकार दिले असते तर मी वापरले असते का, हे मात्र सांगता येत नाही. नाही म्हणणे शिकवावे लागते, जसा गाठीचा प्रकार शिकवावा लागतो.

तो हेल्पर आता पस्तिशीचा आहे. जयपूर फूट बसवून घेतला, लग्न केले, घाटाच्या पायथ्याशी चहाची टपरी टाकली. मी त्या बाजूला गेलो की थांबतो. पैसे घेत नाही, म्हणून मी बिस्किटांचे पुडे जास्तच विकत घेतो. त्याच्या टपरीसमोरूनच रिकव्हरीच्या गाड्या वर जातात. घाट बंद झाल्याची बातमी टीव्हीवर येण्याआधी मला त्याचा फोन येतो.

परवाही आला होता. "काका," तो म्हणाला, "वर एकच गाडी गेली."